चष्म्याचे नाक

गुरुवार, ५ फेब्रुवारी १९८७. धारगळ

काल पणजीत कोकणीला राजभाषा करणारा कायदा झाला. सकाळी पदेर पाव घेऊन आला तो ही बातमी घेऊनच. मी विचारले, मग मराठीचे काय? म्हणाला, तीही आहे म्हणतात, खालच्या कुठल्यातरी कलमात. पाव घेतले आणि जनेल उघडून बाहेर बघत बसून राहिलो. केरीच्या शाळेत पाटीवर डोके टेकून ज्या कविता पाठ केल्या, त्या आता कुठल्या कलमात जाऊन बसल्या असतील कोण जाणे.

पण आज लिहायला बसलो ते या दुःखासाठी नव्हे. जावई काहीतरी लपवतो आहे.

संध्याकाळी महादेव आणि तो डिचोलीचा सगुण बाल्कांवात, दारापुढच्या बाकांवर बसले होते. महादेवचा तुयेच्या वसाहतीत चष्म्याच्या फ्रेमा करायचा लहानसा कारखाना आहे. सगुण बंदरातून त्याचा माल सोडवून आणतो. दोघांची डोकी अगदी जवळ. मी दारात आलो आणि बोलणे थांबले. सगुण उगाच माडाकडे बघू लागला. मी विचारले, कसले खलबत? महादेव म्हणाला, "कारखान्याचा, मामा. तुमका कळाचा नाय."

पोर्तुगीज अमदानीत उमेदीची सगळी वर्षे मी जकातीच्या नाक्यावर कारकुनी केली. माणसे कधी गप्प होतात हे मला कळायचे नाही, तर कोणाला?

बायको गेल्यावर, चंद्रावती गेल्यावर, केरीचे घर बंद करून लेकीकडे राहायला आलो. लेकीच्या घरी बापाने कमी बोलावे आणि जास्त ऐकावे. ऐकतो आहे.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

लेकीला, शालिनीला, भाजी चिरताना गाठले. नवऱ्यापेक्षा ती बरी, निदान सांगते तरी.

फ्रेमा ज्याच्या होतात ते असिटेट म्हणून एक प्लास्टिक असते. परदेशातून येते, त्याला शिर्क्यासारखा आंबूस वास असतो, आणि तो महादेवच्या सदऱ्यांना कायमचा लागलेला आहे. आजवर त्याचे सरळ मोठे तक्ते येत. या खेपेला त्याने ते तिकडेच कापून मागवले: चष्म्याच्या पुढच्या भागाएवढे तुकडे, त्यात डोळ्यांची दोन भोके. आता माल बंदरात अडकला आहे. कस्टमचे साहेब म्हणतात, भोके पाडली म्हणून काय झाले, हा तक्ताच. महादेव म्हणतो, हा चष्म्याचा सुटा भाग. तक्त्यावर जकात जबर, सुट्या भागावर हलकी.

"तक्ता ठरला तर कारखाना बंदच, बाबा," ती म्हणाली. "त्या जकातीत आमच्यानं एक पेटी सुटणार नाही." एवढे बोलून तिने चिरलेलीच भाजी पुन्हा चिरायला घेतली.

वसाहतीत सात-आठ बायका कामाला येतात, काही तर पलीकडून सातार्ड्याहून. त्यांचेही त्यातच आले.

संध्याकाळी सगुणने मला जकातीच्या पुस्तकातला नियम सांगितला. अपुऱ्या वस्तूत पुऱ्या वस्तूचे मुख्य रूप उमटले असेल, तर तिला पुरी वस्तूच धरायचे; महादेवची सगळी भिस्त यावर. मी थक्क झालो. कळीला फूल म्हणावे असे सरकारनेच लिहून ठेवले आहे! इतकी वर्षे नाक्यावर काढली, पण जकातीच्या पुस्तकात कविता असेल असे कधी वाटले नव्हते. जेवताना एक ओळ जुळली: कळीस कोणी फूल म्हणावे, कोणी नुसते पान.

पण अंथरुणावर पडलो आणि नाका आठवला. भारताने गोव्याची नाकेबंदी केली त्या दिवसांत कोऱ्या कापडावर जकात लागे. अंगावरच्या शिवलेल्या कपड्याला कोणी विचारत नसे. म्हणून बांद्याच्या बाजूने येणाऱ्या बायका अख्खा तागा कमरेभोवती घेऊन त्याला दोन धावते टाके घालत आणि परकर म्हणून ऐटीत नाका ओलांडत. घरी गेल्यावर टाके उसवले की पुन्हा तागा. काय एकेकीची चाल असे! मोगऱ्याचा वास मागे राही.

महादेवची ही दोन भोके म्हणजे ते दोन टाके तर नव्हेत?

मंगळवार, ३ मार्च

भगवतीला जातो असे सांगून तुयेला उतरलो. देवी क्षमा करील.

महादेव कारखान्यात नव्हता. प्रभावती म्हणून सातार्ड्याची एक थोराड बाई आहे, तिने मला दारातच हेरले. "आजोबा, कोणाक बघूक इल्यात? जावयाक की आमका?" बाकीच्या हसल्या. मी म्हटले, कामाला बघायला आलो. तर म्हणाली, "मगे चष्मो लावन बघा."

एका कोपऱ्यात पिंप फिरत होते, त्यात लाकडाच्या भुशात फ्रेमा गुळगुळीत होत होत्या. आवाज अगदी भरल्या ओहोळासारखा. पण माझे लक्ष दुसरीकडे गेले. भिंतीशी एका टोपलीत ते भोके पाडलेले तुकडे पडले होते. नमुना म्हणून एक पेटी आधीच सुटून आली होती, त्यातले. मी विचारले, हे बाजूला का टाकले? प्रभावती म्हणाली, "ते गोऱ्यांच्या नाकाचे. आमच्या नाकार खंय ऱ्हवतत?" आणि स्वतःचे बसके नाक बोटाने आणखी दाबून दाखवले. पुन्हा हशा. तेवढ्यात महादेवची मोटारसायकल वाजली आणि ती एकदम गप्प झाली. सगळ्याच गप्प झाल्या.

त्या गप्प होण्यात काय होते, ते मी नाक्यावर हजारदा पाहिलेले आहे.

एक तुकडा खिशात घालून आणला. घरी आरशापुढे लावून पाहिला. नाकावर ठरेना, घसरून ओठावर आला. म्हणजे हा चष्म्याचा भाग नव्हेच. कोणाच्याच नाकावर राहत नाही तो चष्मा कसा? दाखवण्यापुरती दोन भोके. आता खात्रीच झाल्यासारखी आहे. माझ्या लेकीचा नवरा सरकारला फसवतो आहे, आणि एक दिवस पोलीस या दारात येतील.

रविवार, २२ मार्च

शिगम्याचे ढोल अजून कानात आहेत. दुपारी सगुण आला. हा माणूस मला आवडू लागला होता. कविता म्हटली की डोळे मिटून ऐकतो. आज गलबताची म्हटली, शेवटच्या कडव्याला माझाच आवाज भरून आला. तो हळूच म्हणाला, काका, मे महिन्यात कस्टमचे साहेब कारखाना बघायला येणार आहेत. इथे नेमके काय काम होते ते बघून मग ठरवतील. त्या दिवशी तुम्ही केरीला जाऊन याल का? घर उघडून जरा वारा लागू दे त्याला.

घराला वारा! मी विचारले, मी इथे असलो तर कोणाला अडचण? तो हसला. "तुमचे बोलणे रसाळ, काका. साहेबांचा वेळ जायचा."

म्हणजे कविता ऐकली ती याचसाठी. रात्री महादेवनेही तेच सुचवले, अगदी त्याच शब्दांत. दोघांनी ठरवलेले आहे. ज्या माणसाने अर्धा जन्म जकातीत काढला, तोच त्यांना साहेबांसमोर नको आहे. का, हे वेगळे सांगायला हवे?

शनिवार, ११ एप्रिल

आजचा दिवस नीट लिहिला पाहिजे.

परवा राहवेना, तो तुकडा शालिनीपुढे टेबलावर ठेवला आणि विचारले, बाय, ही लबाडी आहे की नाही? तिने तो उचलून पुन्हा माझ्या खिशात घातला. रागावली असती तर बरे वाटले असते. मग म्हणाली, शनिवारी चला माझ्याबरोबर.

आज गेलो. मला वाटत होते लेक तिथे हजेरी आणि डबे एवढेच बघते. तिने पदर खोचला आणि चुलीसारख्या एका शेगडीपुढे बसली. वर पसरट भांड्यात तापलेली वाळू, चणे भाजतात तशी. तुकडा वाळूत खुपसला, मनात काहीतरी मोजत थांबली, मग काढला. तो मऊ पडला होता, ताज्या पापडासारखा. लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून दोन्ही अंगठ्यांनी मधोमध दाबला, आणि सपाट पट्टीला तिथे नाकावर टेकणारा पूल आला. मग दोन्ही बाजूंना इवले इवले तुकडे चिकटवून कानस मारली, फुंकर घातली आणि प्रभावतीच्या नाकावर ठेवला. प्रभावतीने मान हलवली, पडला नाही. पुन्हा काढून जरासा घासला. पुन्हा ठेवला.

"आता जन्मभर पडाचो नाय," प्रभावती म्हणाली. "घोव सोडून जाईत, ह्यो जाऊचो नाय."

मी पाहतच राहिलो. माझी शालिनी! लहानपणी गणपतीच्या मातीचे उंदीर करी, तेव्हा त्यांच्या मिशासुद्धा वेगवेगळ्या असत. तिच्या हातात हे होतेच. तिकडून येते ते निर्जीव. चेहरा इथे मिळतो, माझ्या लेकीच्या अंगठ्यांतून.

मी तसे बोललो तर ती घाईने म्हणाली, "कसलं काय बाबा, थोडं साफसूफ करतो एवढंच. आकार तिकडूनच येतो." मी हसलो. तिची आईही अशीच होती. पन्नास माणसांचा स्वयंपाक एकटीने उठवायची आणि कोणी वाखाणले की म्हणायची, भातच तर केला. शालिनी पुन्हा म्हणाली, "साहेब येतील तेव्हा यातलं काही बोलायचं नाही हं. आकार तिकडूनच येतो, असंच आहे ते."

हे शेवटचे वाक्य तिचे नव्हते. पढवलेले होते.

बसमध्ये विचार करत आलो आणि सगळे लख्ख दिसले. लबाडी मालात नाहीच. माझी चूक झाली, तो परकर नव्हे. लबाडी महादेवच्या मनात आहे. कारखान्याचा जीव बायकोच्या हातात आहे, आणि हे साहेबांना, जगाला कळू नये असे त्याला वाटते. म्हणून बायका त्याला पाहून गप्प होतात, म्हणून मला केरीला धाडायचे. पाटीवर नाव त्याचे, अंगठे तिचे.

संशय फिटला म्हणावे तर दुसरा लागला. पण हा खरा आहे.

गुरुवार, ७ मे

झाले. मनासारखे झाले.

सकाळी महादेवने स्वतः मला केरीच्या बसमध्ये बसवले, हातात पाण्याची बाटली दिली, खिडकीतून म्हणाला, सावकाश या मामा, आजची रात्र राहा वाटले तर. बस तुयेवरूनच जाते. उतरलो.

साहेब आत कदेलीवर बसले होते. मध्यम वयाचे, मृदू, घाटावरचे मराठी. चहा बशीत ओतून प्यायले, तेव्हाच मला बरे वाटले. सगुण मला पाहून उभाच राहिला. महादेवने ओळख करून दिली खरी, पण ओठ पांढरे. मी म्हटले, मी यांचा सासरा, आणि एके काळचा तुमच्याच खात्यातला, फक्त राजा वेगळा होता. साहेब मनापासून हसले आणि मला बसायला सांगितले.

ते महादेवला विचारत होते, इथे नेमके काय करता? महादेव म्हणाला, सफाई, पॉलिश, काड्या जोडणे, बिजागऱ्या. मग शालिनीला विचारले. ती खाली बघून म्हणाली, थोडेच काम असते साहेब, आकार तयारच येतो.

मुलगी बघायला पाहुणे येतात तेव्हा ती अशीच खाली बघते. भरतकाम तिने केलेले असते, लाडू तिने वळलेले असतात, आणि विचारले तर म्हणते, मला काही येत नाही. तेव्हा बोलायचे असते बापाने. शालिनीच्या वेळी मी हे केले होते. महादेवच्या बापाला तिची रांगोळी, तिची विणलेली पिशवी, सगळे एकेक करून दाखवले होते. आज दुसऱ्यांदा केले.

मी म्हटले, "साहेब, ही पोर विनयाने बोलते. तिकडून येते त्याला नाक नसते. तो नाकावर राहतच नाही, मी स्वतः लावून पाहिलाय. त्याला नाक देते ती माझी मुलगी."

साहेबांनी बशी खाली ठेवली. हळू आवाजात म्हणाले, "आणि हे नाक नाही दिलं, तर?"

"तर तो चष्मा कसला साहेब? दोन भोकांचं जनेल. चष्म्याला चष्मेपण येतं ते इथं."

त्यांनी दाखवायला सांगितले. शालिनी उठेना. मीच तिला हाताला धरून शेगडीपाशी नेले. तिने एक नाक करून दाखवले. काय सुंदर झाले! साहेब वाकून बघत राहिले. महादेवने जाऊन पिंप बंद केले. एवढी शांतता झाली की वाळू तडतडताना ऐकू येत होती. खरी कला पाहिली की माणसे अशीच निःशब्द होतात.

जाताना साहेबांनी मला वाकून नमस्कार केला. म्हणाले, "तुमची मुलगी कारागीर आहे, आजोबा." महादेवच्या चेहऱ्याकडे मी मुद्दाम पाहिले. जळाला होता.

घरी आलो ते सगुणच्या जीपमधून. शालिनीने माझा हात धरून ठेवला होता. बापाने जगापुढे नाव घेतले की लेकीला बोलवत नाही.

शनिवार, ३० मे

आज गोवा राज्य झाले. पेडण्याच्या बाजूने फटाके ऐकू येतात. शाळेतली मुले झेंडे घेऊन रस्त्याने गेली. एक कविता म्हणत होती, चाल चुकीची, पण म्हणत होती. मी जनेलातून बरोबर चाल धरली. कालपर्यंत आपण केंद्राचा प्रदेश होतो, आज राज्य. जमीन तीच, माड तेच. कोणीतरी दूर बसून ठरवतो आणि आपले नाव बदलते.

आमच्या घरी दिवा लावायचे कोणाला सुचले नाही. काल निकाल आला. माल तक्ताच ठरला.

महादेवने उंबऱ्यात उभ्यानेच सांगितले. मी विचारले, कारण काय दिले? त्याने माझ्याकडे पाहिले नाही. म्हणाला, साहेबांनी म्हटलेय, ज्या रूपामुळे चष्मा हा चष्मा होतो ते रूप या मालाला परदेशात मिळत नाही, इथल्या कारखान्यात मिळते.

दुःखाची वेळ होती, पण खोटे का लिहू, वाक्य सुरेख आहे. कस्टमच्या माणसाला एवढे सुचणार नाही. हे त्याच्या कानात कोणीतरी घातले आहे. घरातल्या गोष्टी माहीत असलेल्या कोणीतरी.

अपिलाचे विचारले. सगुण म्हणतो, वर्षे जातील, आणि तोवर माल बंदरात पडून राहील.

शुक्रवार, १२ जून

सातार्ड्याच्या बायका आज शेवटच्या येऊन गेल्या. प्रभावती माझ्या पाया पडली. मी म्हटले, दुसरीकडे काम मिळेल. म्हणाली, "मिळात, आजोबा. नाकां काय सगळीकडे आसतत." या खेपेला कोणी हसले नाही.

दुपारी सगुण आला. मला आता धीर धरवेना. मी त्याला शालिनीच्या देखत विचारले. बंदरात उठबस तुझी, साहेबांशी ओळख तुझी. नाकाची ती गोष्ट त्यांच्या डोक्यात कोणी भरवली? आमचे मीठ खाऊन आम्हालाच बुडवलेस?

तो शालिनीकडे बघू लागला. तिने हळूच मान हलवली, नाही अशी. मग तो खाली बघून म्हणाला, "चुकलं असेल काका माझं कुठंतरी."

कबूलच केले! नाक्यावर पकडलेला माणूस असाच खाली बघतो. तो गेल्यावर मी शालिनीला म्हटले, तू त्याला पाठीशी घालतेस. तुला ठाऊक होते तोच तो.

ती शेवग्याच्या शेंगा मोडत बसली. मग म्हणाली, "कोणी सांगितलं ते आता कशाला, बाबा? जे सांगितलं ते खरंच तर होतं."

सालस पोर. ज्याने घर मोडले त्याचेही ती वाईट बोलत नाही. पण तिच्या आवाजात काहीतरी होते, ते मला उमगेना. सगुणबद्दल तिला माहीत आहे त्याहून जास्त काही असावे. लक्ष ठेवले पाहिजे.

गुरुवार, २५ जून

कारखान्याला कुलूप लागले. पिंप आणि शेगडी कोणी म्हापशाचा माणूस घेऊन गेला. महादेवला डिचोलीत खाणीच्या ट्रकांच्या हपिसात काम मिळाले आहे. पहाटे जातो, तांबड्या धुळीने माखून येतो. सदऱ्याला आता तो आंबूस वास नाही. शालिनी घरीच असते. चालता चालता तिचे अंगठे हवेत काहीतरी दाबत असतात, तिला कळतही नाही.

आज संध्याकाळी एक चमत्कारिक गोष्ट झाली. महादेव अंघोळ करून आला आणि माझ्यासमोर कदेल ओढून बसला. कारखाना असताना त्याला माझ्याजवळ बसायला कधी सवड झाली नव्हती. मला वाटले, आता मला केरीला परत जायला सांगतो. घर चालवणे कठीण झाले आहे, मलाही दिसते. मी मनातल्या मनात पेटीत काय काय भरायचे ते ठरवू लागलो.

तो म्हणाला, "मामा, ती गलबताची म्हणा."

मी विचारले, कोणती गलबताची?

"सगुण सांगत होतो. शेवटच्या कडव्याक तुमचो आवाज भरता."

मी म्हटली. त्याने मधेच उठून माझ्या मागची खिडकी लावली, वाऱ्याने मला खोकला येतो म्हणून, आणि परत येऊन बसला. पुरी ऐकली. शालिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती, माझ्याकडे नव्हे, आणि तिचे डोळे भरलेले होते. कविता संपल्यावर तो म्हणाला, आणखी एक म्हणा. आणि मग म्हणाला, केरीचे घर भाड्याने देऊ या मामा, तुम्ही आता इथेच राहायचे.

ज्या माणसाचे सर्वस्व गेले, त्याला आताच कविता का ऐकावीशी वाटावी? माझ्याशी इतके गोड का बोलावे? दोघे मिळून माझ्यापासून काहीतरी लपवताहेत, यात मला शंका उरलेली नाही.